ग्रीक-रोमन पुराणांवरून स्वतःची ‘हे असं का झालं’ गोष्ट लिहायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं मुलांना आणि मोठ्यांनाही अशा गोष्टी लिहायला बसवते, आणि दरवेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. क्रमाने वाचायलाच हवं असं काही नाही, पण मध्ये अंजिराची गोष्ट आहे ती मात्र चुकवू नका, कारण मला जे सांगायचंय ते बरंचसं तिथेच आहे.

ओरिजिन स्टोरी म्हणजे सुपरहिरोची असते तशी का?

नाही. इथे आपण जगातली एखादी गोष्ट अशी का आहे ते सांगतो. कोळी सारखा विणत का असतो, मोराच्या पिसाऱ्यावर डोळे कुठून आले, डोमकावळा काळा कशाने झाला. ग्रीकमध्ये याला ‘आयतिऑन’ म्हणतात म्हणजे कारण, आणि ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या कॅलिमॅकस नावाच्या कवीने ‘आयतिया’ म्हणजे ‘कारणं’ अशाच नावाचं काव्य लिहिलं होतं. लहानपणी आजीकडून श्रावणातल्या कहाण्या ऐकल्या असतील तर तुम्हाला हा प्रकार अजिबात परका नाही, अमुक व्रत का करायचं त्याचं कारण त्या गोष्टीतच असतं ना, तसंच.

सुरुवात कुठून करू? आधी देव निवडू का?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. लोक आधी झ्यूस, म्हणजे देवांचा राजा घेतात, मग त्याला काहीतरी काम शोधतात आणि मग गोष्ट कुठेच जात नाही. आधी वस्तू घ्या. झाड, पक्षी, दगड, आवाज, एखादी पद्धत, काहीही. ती हातात घेऊन नीट बघा आणि तिच्यातलं खटकणारं शोधा, म्हणजे जे बघून लहान मूल ‘पण असं का?’ म्हणेल ते. तुतीचं फळ गोड लागतं ही गोष्ट होत नाही, पण ते खाल्लं की हात रक्ताने माखल्यासारखे होतात ही होते, आणि रोमन कवी ऑव्हिडने नेमकं तेच धरलंय. बॅबिलॉनमधले पिरॅमस आणि थिस्बी रात्री तुतीच्या झाडाखाली भेटायचं ठरवतात, गैरसमजातून दोघंही जीव देतात आणि तोवर पांढरी असलेली फळं तेव्हापासून गडद होतात. गोष्ट वाचल्यावर तुती खाताना एकदा तरी हाताकडे बघितलं जातंच.

हीच माझी एकमेव कसोटी आहे. गोष्ट वाचून झाल्यावर वाचकाला ती वस्तू समोर दिसली की गोष्ट आठवली पाहिजे, म्हणजे पुरावा बाहेर, अंगणात उभा पाहिजे. नसेल तर ती छान फँटसी असेल पण ओरिजिन स्टोरी नाही.

आधी मूळ काय काय वाचायला लागेल?

सगळं वाचत बसाल तर लिहायचं राहून जाईल. ऑव्हिडचं ‘मेटामॉर्फोसिस’ म्हणजे ‘रूपांतरं’ हवंच, पंधरा खंड, जवळपास 12,000 ओळी आणि अडीचशेच्या आसपास गोष्टी, आणि इ.स. 8 च्या सुमारास, म्हणजे साधारण हे पूर्ण होत असतानाच सम्राट ऑगस्टसने त्याला रोममधून हद्दपार करून काळ्या समुद्राकाठी टोमिसला पाठवलं. त्याचंच ‘फास्ती’ रोमन सणांच्या कॅलेंडरवर आहे, कुठला सण का साजरा करतात ते सांगणारं, सहाच महिन्यांचं आहे पण आपल्या कामाचं सोनं आहे. ग्रीक कवी हेसिअडची देवांच्या जन्माची ‘थिऑगनी’ लहान आहे, हजारभर ओळींची, आणि होमरच्या नावावर असलेली डिमीटरची, म्हणजे धान्याच्या देवीची स्तुती नक्की वाचा.

एक व्यवहारातली गोष्ट सांगते, मूळ ग्रीक-लॅटिन काव्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही पण नव्या भाषांतरांवर असतो, आपल्याकडे भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणून कथानक घ्या, भाषांतरातली वाक्यं उचलू नका.

ग्रीक आणि रोमन एकच ना? नावं बदलली की झालं?

अर्धवट खरं आहे. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे ज्युनो ही जोडणी रोमन लोकांनीच केली, पण स्वभाव जसेच्या तसे आले नाहीत. एरीस घ्या, ग्रीकांचा युद्धदेव. ‘इलियड’मध्ये खुद्द त्याचा बाप झ्यूस त्याला सांगतो की ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत तू मला सगळ्यात नावडता. रोमचा मार्स मात्र रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, मानाचा देव, आणि केटो या रोमन लेखकाने शेतीवरच्या पुस्तकात जी प्रार्थना दिलीय तिच्यात शेतकरी त्याच मार्सकडे पीक, गुरं आणि माणसं राखायला सांगतो, दिसणारे-न दिसणारे रोग लांब ठेव म्हणतो. आता सांगा, गव्हावर तांबेरा का पडतो याची गोष्ट एरीसला घेऊन लिहिलीत आणि मार्सला घेऊन लिहिलीत तर ती एकच राहील का? (तांबेऱ्याची रोममध्ये वेगळी देवता होती, रोबिगो, 25 एप्रिलला तिला कुत्र्याचा बळी देऊन ‘पिकाला हात लावू नकोस’ अशी विनवणी करायचे.)

एका गोष्टीत एकच नावांचा संच ठेवा. झ्यूस आणि ज्युनोचं भांडण लावू नका, वाचताना फार खुपतं.

एकाच गोष्टीच्या इतक्या व्हर्जन आहेत, खरी कुठली?

खरी अशी एक नाहीच, आणि हे कळलं की लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. डिमीटरची मुलगी पर्सेफनी हिला पाताळाच्या देवाने पळवून नेलं आणि तिथलं डाळिंब खाल्ल्यामुळे तिला दरवर्षी काही काळ तिथेच राहावं लागतं, पण तिने दाणे किती खाल्ले? डिमीटरच्या स्तुतीत एक दाणा आणि वर्षाचा एक तृतीयांश भाग पाताळात. ऑव्हिड एका काव्यात सात दाणे आणि अर्धं वर्ष म्हणतो आणि त्याच ऑव्हिडच्या ‘फास्ती’त तीन दाणे आहेत! एकच कवी, एकच गोष्ट, दोन आकडे. मे महिन्याचं नाव कशावरून पडलं हे सांगताना तर तो तीन म्युझेसना, म्हणजे कलांच्या देवींना, तीन कारणं सांगायला लावतो आणि निकाल देतच नाही.

रोमच्या फोरममध्ये लाकुस कुर्टियस नावाची जागा आहे. नाव का पडलं? एक म्हणणं असं की रोम्युलसच्या काळात मेटियस कुर्टियस नावाच्या, शेजारच्या सॅबाइन लोकांच्या सरदाराचा घोडा तिथल्या दलदलीत रुतला. दुसरं असं की ख्रिस्तपूर्व 362 मध्ये तिथे जमीन दुभंगली, काही केल्या भरेना, तेव्हा मार्कस कुर्टियस नावाचा तरुण शस्त्रं लेवून घोड्यासकट आत झेपावला. तिसरं अगदी साधं, तिथे वीज पडली आणि कुर्टियस नावाच्या कॉन्सलने, म्हणजे रोमच्या प्रमुख अधिकाऱ्याने, जागेला कुंपण घातलं. तिन्ही गोष्टी रोममध्ये सोबत नांदल्या. चौथी तुम्ही लिहिलीत तर परंपरेला धरूनच आहे.

देवांनी कसं वागायचं? आपल्या पुराणांसारखं चालेल का?

इथे मराठी लिहिणाऱ्यांची एक सवय आड येते. आपल्याकडे शाप आला की मागून उःशाप येतोच, कुणाचा तरी पाय लागेल आणि शिळेची बाई होईल, अमुक इतक्या वर्षांनी सुटका होईल. मग आपण तेच ग्रीक गोष्टीत आणतो, शेवटच्या पॅराग्राफमध्ये देवाला दया येते आणि सगळं पूर्ववत. असं झालं की ओरिजिन स्टोरी मरते हो, कारण सगळं पूर्ववत झालं तर कोळी उरला कुठे?

ऑव्हिडमध्ये टायरेसिअसच्या गोष्टीत हा नियम सरळ सांगितलाय. ज्युनो त्याला आंधळा करते, ज्युपिटरला ते पटत नाही, पण एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाला मोडता येत नाही. मग तो काय करतो, डोळे परत देता येत नाहीत म्हणून पुढचं जाणण्याची शक्ती देतो. म्हणजे भरपाई मिळते पण सुटका नाही. एवढं एक वाक्य लिहून भिंतीवर लावा, तुमच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुधारतील. (उलट प्रकार क्वचित आहे, गाय झालेली आयो शेवटी परत बाई होते, पण तिथेही तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या आर्गसचे शंभर डोळे मोराच्या पिसाऱ्यावर राहतातच.)

रूपांतराचा प्रसंग कसा लिहायचा? माझ्याकडे तो एका ओळीत संपतो.

‘आणि ती झाड झाली’ हे ना? सावकाश लिहा, अवयवामागून अवयव. अपोलो देव मागे लागलाय म्हणून डॅफ्नी पळतेय, पाय जड होतात, छातीवर पातळ साल चढते, केसांची पानं, हातांच्या फांद्या, आत्तापर्यंत पळणारे पाय मुळं होऊन अडकतात, आणि अपोलो खोडावर हात ठेवतो तर सालीखाली तिचं काळीज अजून धडधडत असतं. मला हा प्रसंग दरवेळी वाचताना थांबावं लागतं.

दुसरं, काहीतरी मागे उरलं पाहिजे. मिनर्व्हा देवीशी विणकामाची स्पर्धा लावून कोळी झालेल्या आराक्नीचं नाक जातं, कान जातात, डोकं इवलंसं होतं, बोटं कुशीला चिकटून पाय होतात, पण विणणं जात नाही. आयोला बोलता येत नाही म्हणून ती खुराने धुळीत नाव लिहून बापाला ओळख पटवते. शरीर बदलतं आणि मन किंवा सवय तशीच राहते, सगळी कळ त्या फटीत आहे.

एखादं पूर्ण उदाहरण द्या ना.

देते. मी अंजीर घेतलं. ग्रीसमध्ये जिकडेतिकडे अंजीर, आणि त्याचं खटकणारं असं की फूल कधी दिसतच नाही. फुलं असतात पण फळासारख्या दिसणाऱ्या त्या गाठीच्या आत, आणि परागीकरण करणारी बारीकशी माशी टोकाच्या भोकातून आत शिरताना पंख गमावून बसते. देठ तोडला की पांढरा चीक येतो. म्हणजे माझ्याकडे तीन गोष्टी झाल्या, लपलेलं फूल, पंख गमावणारी माशी आणि चीक. आता फुलामुळे काहीतरी वाईट झालेली जुनी गोष्ट कुठली, तर पर्सेफनी! तिला पाताळात न्यायला धरतीने शंभर फुलांचा नार्सिसस उगवला होता, मुद्दाम, सापळा म्हणून. मग लिहिलं ते असं:

*कुरणात पर्सेफनीसोबत बऱ्याच मुली होत्या. त्यातल्या सगळ्यात धाकटीला ते फूल आधी दिसलं. ‘अगं ते बघ,’ म्हणून तिने बोट दाखवलं, पर्सेफनी धावली, जमीन उघडली आणि मिटली. नऊ दिवस डिमीटर दोन्ही हातांत मशाली घेऊन हिंडली. बाकीच्या मैत्रिणी शोधायला गेल्या, ही दगडी बांधापाशी बसून राहिली, बोट दाखवलेला हात मुठीत आवळून. शेवटी डिमीटर तिच्यापाशी आली. तिला सूर्याकडून सगळं कळलेलं होतं तरी तिने विचारलं, फूल कुणी दाखवलं? मुलगी म्हणाली, मी परत कुणालाही फूल दाखवणार नाही. डिमीटर रागावली नाही. नुसती म्हणाली, बरं. मुलीचे पाय बांधाच्या दगडांत शिरले, कातडी राखाडी झाली, आणि मूठ हिरवी झाली पण उघडली नाही, मग दुसरी मूठ आली, मग शेकडो. अजून प्रत्येक मुठीत फूल आहे. तिला खुडलं की पांढरं रडते. एकच इवलीशी माशी हट्टाने फूल बघायला आत जाते, ती पंख दारात ठेवून जाते आणि परत येत नाही.*

पहिल्या खर्ड्यात झ्यूस होता, मोठं भाषण होतं, डिमीटर संतापून शाप देत होती. सगळं काढलं. शिक्षा देवाने देण्यापेक्षा मुलीच्या तोंडचं वाक्यच शब्दशः खरं झालं तर जास्त लागतं, हे तिसऱ्यांदा लिहिताना कळलं. आणि माशीचं शेवटचं वाक्य मला आधी सुचलंच नव्हतं, अंजिराबद्दल वाचताना मिळालं, म्हणून म्हणते वस्तूचा अभ्यास करा, देवांचा नंतर.

आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या माणसाला ‘उंबराचं फूल’ म्हणतात, आणि उंबर अंजिराच्याच कुळातला. तेच आश्चर्य तिकडेही आणि इकडेही, फक्त आपल्याकडे त्याची म्हण झाली.

मी माझा स्वतःचा देव बनवला तर?

रोमन धर्तीवर लिहिताय तर बिनधास्त. त्यांच्याकडे दाराला तीन देव होते, फळ्यांचा फोर्क्युलस, बिजागरीची कार्डिया, उंबऱ्याचा लिमेंटिनस, आणि संत ऑगस्टिन यावर चिडून लिहितो की माणसं दाराला एकच राखणदार ठेवतात, यांना तीन देव लागतात. सेरेस या धान्यदेवीच्या पूजेत पुरोहित शेतीच्या टप्प्यांचे बारा देव ओळीने पुकारायचा, पहिल्या नांगरटीचा वेगळा, खुरपणीचा वेगळा, कापणीचा मेसॉर, माल वाहून आणायचा कॉन्व्हेक्टर, कोठारात भरायचा कॉन्डिटॉर आणि कोठारातून बाहेर काढायचा प्रोमिटॉर. मला हे फार आवडतं, की प्रत्येक बारीक कामामागे कुणीतरी उभं आहे. तुमचा देव असाच एका कामापुरता ठेवा. ‘प्रकाश आणि अंधाराचा स्वामी’ असला देव कुणाच्या लक्षात राहत नाही, बिजागरीची देवी राहते.

शब्दांवरून गोष्ट बनवता येते का?

हो, आणि तेही जुनंच आहे. प्रलयानंतर वाचलेलं जोडपं ड्यूकेलियन आणि पिऱ्हा खांद्यावरून मागे दगड टाकतात आणि त्यांची माणसं होतात, यात ग्रीकमधली गंमत अशी की ‘लास’ म्हणजे दगड आणि ‘लाओस’ म्हणजे लोक. मराठीत लिहिताना मराठी शब्दांचाच खेळ करा, ग्रीक शब्दाचा खेळ समजावून सांगायला लागला की मजा गेली.

डॅफ्नी, मेड्यूसा... या गोष्टींत बायकांवर किती अत्याचार आहेत. मी हे कसं हाताळू?

लपवू नका आणि सजवूही नका. ऑव्हिडमध्ये मेड्यूसावर समुद्रदेव नेपच्यून मिनर्व्हाच्या (ग्रीकांची अथीना) देवळात बळजबरी करतो आणि शिक्षा होते मेड्यूसाला, तिच्या केसांचे साप होतात. हेसिअडमध्ये मात्र असं काही नाही, ती जन्मतःच गॉर्गन नावाची राक्षसी आहे. म्हणजे कुठलं रूप घ्यायचं हे तुमच्या हातात आहे आणि त्या निवडीची जबाबदारीही तुमचीच. आराक्नीने विणकामाच्या स्पर्धेत काय विणलं होतं आठवा, देवांनी बायकांना फसवल्याचे प्रसंग, एकामागून एक, आणि तिच्या कामात खोट काढता आली नाही म्हणून तर देवीने ते फाडलं. गोष्टीतच तक्रार नोंदवायची वाट तिने दोन हजार वर्षांपूर्वी दाखवलीय. माझं स्पष्ट मत, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या डोळ्यांतून लिहा. लहान मुलांसाठी लिहित असाल तर वस्तूच दुसरी निवडा, विषय कमी नाहीत.

लांबी किती ठेवू?

पहिल्यांदा लिहिताय तर पाचशे-सहाशे शब्द पुरे. वरची अंजिराची त्याहून बरीच लहान आहे.

नावं मराठीत कशी लिहायची?

अथीना की अथेना, ऑव्हिड की ओविड यावर वाद घालत बसू नका, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. नवीन पात्रांना नाव द्यायलाच हवं असंही नाही, अंजिराच्या मुलीला मी दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

शेवट ‘म्हणून आजही...’ असाच करायचा का?

एकदा-दोनदा चालतं, नंतर कंटाळा येतो. त्यापेक्षा वस्तू जशी आज दिसते तशी वर्तमानकाळात दाखवून थांबा. आणि कृपा करून तात्पर्य लिहू नका, ‘म्हणून गर्व करू नये’ लिहिलंत की आराक्नीची सगळी कला तुम्ही एका सुविचारात कोंबली.

गोष्ट महाराष्ट्रात घडवली तर चालेल का? उगाच ओढूनताणून वाटेल का?

झ्यूसला सह्याद्रीवर आणून बसवलंत तर वाटेल. पण खरे धागे आहेत ते धरा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी तो समुद्रदेव कसा आला आणि राहिला का, यावर गोष्ट लिहायला कुणी हरकत घेणार नाही.

आणि मला स्वतःला सगळ्यात ओढ लागलीय ती आकाशातल्या धाग्याची. कॅलिस्टो नावाच्या मुलीचं अस्वल होतं, ज्युपिटर तिला आकाशात नेऊन बसवतो, तेव्हा चिडलेली ज्युनो समुद्राच्या देवांना सांगते की हिला तुमच्या पाण्यात उतरू देऊ नका. कारण तिकडच्या आकाशात त्या काळी ते सात तारे कधी मावळायचेच नाहीत, होमरही म्हणतो की हे अस्वल तेवढं सागरात न्हात नाही. आपण त्याच ताऱ्यांना सप्तर्षी म्हणतो, आणि आपण दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे ते मावळतात, दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी उत्तरेला बघा, दिसणार नाहीत. म्हणजे ज्युनोचा हुकूम इथे कुणी पाळला नाही. इथल्या क्षितिजाखाली तिला कुणीतरी पाण्यात उतरू दिलं. कोणी आणि का, आणि त्याला त्याची काय किंमत पडली, हे मी अजून लिहिलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर तुम्ही लिहा.